बास गळाला लागतो, पण हाती येत नाही

आमिषाला ठोका बसतो, रॉड वाकतो, दोन-चार क्षण पलीकडचं वजन हाताला जाणवतं आणि एकदम सगळं सैल. लाइन तुटलेली नसते, आमिष जागेवर असतं, मासा तेवढा नसतो. कधीतरी असं होणारच, जुन्याजाणत्या गरवणाऱ्यांच्या हातूनही बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) निसटतात. पण दहापैकी सहा-सात असे जायला लागले आणि प्रत्येक खेपेला तीच गत व्हायला लागली, की तो नशिबाचा भाग राहत नाही. कुठेतरी एक ठरावीक दोष बसलेला असतो आणि तो शोधून काढता येतो.

माझा एक अख्खा हंगाम असा गेला. हुक बदलले, लाइन बदलली, रॉडही बदलून पाहिला. काही फरक पडेना. शेवटी बोटीत मागे बसणाऱ्या माझ्या सोबत्याने एका सकाळी स्वतःचा रॉड खाली ठेवला आणि तासभर नुसता माझ्या हातांकडे बघत बसला. तिसरा मासा सुटल्यावर म्हणाला, "अरे, ठोका बसतो तेव्हाच तुझा रॉड डोक्यापर्यंत गेलेला असतो. मग झटका द्यायला जागा कुठे उरते?"

खरंच तसं होतं. प्लास्टिक वर्म (गांडुळासारखं मऊ आमिष) तळावरून ओढताना मी रॉडचं टोक वर वर नेत होतो आणि मासा नेमका तेव्हा घेत होता. वर गेलेल्या रॉडने झटका दिला तर लाइन फार तर वीतभर हलते. हुक माशाच्या तोंडात टेकतो, रुतत नाही. त्या दिवसापासून रॉड घड्याळाच्या नऊ आणि दहाच्या आकड्यांमध्ये ठेवूनच ओढायचा, ठोका बसला की आधी टोक खाली न्यायचं, सैल लाइन गोळा करायची आणि मग झटका, असा क्रम हाताला लावून घेतला. सुटणारे मासे निम्म्याहून कमी झाले.

हे मला स्वतःला कधीच दिसलं नसतं. ठोका बसला की आपलं सगळं लक्ष पाण्यात असतं, आपले हात काय करतात ते आपल्याला कळत नाही. म्हणून या दुखण्यावर पहिला उपाय सामानाच्या पेटीत शोधू नका. कुणाला तरी शेजारी बसवा आणि बघायला सांगा.

विचाराल तसं उत्तर मिळेल

बास गरवणाऱ्यांइतकी सांगायला उत्सुक माणसं मी दुसरीकडे कमी पाहिली आहेत. सुटलेल्या माशाचं दुःख प्रत्येकाने भोगलेलं असतं, त्यामुळे नुसतं "मासे सुटतात हो" म्हटलं तरी पाच जण धावून येतात. एक म्हणतो हुकला धार लाव. दुसरा म्हणतो घाई करू नकोस, माशाला नीट घेऊ दे. तिसरा म्हणतो उशीर होतोय तुला, ठोका बसला की लगेच ओढ. चौथा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोरावर सुटावी ते ठरवणारा रीळाचा ब्रेक) सैल करायला सांगतो, पाचवा घट्ट. नवा माणूस गोंधळून जातो, आणि त्याला वाटतं की यांच्यापैकी निम्म्यांना काही कळत नाही.

तसं नसतं. पाचही जण खरं बोलत असतात, पण प्रत्येक जण आपापल्या हातातल्या रॉडवरून बोलत असतो. "घाई करू नकोस" म्हणणारा बहुधा पोकळ रबरी फ्रॉगने पाणवनस्पतींवर गरवतो. तिथे बास खालून उसळी मारून पानांसकट आमिष तोंडात घेतो आणि ते पाण्याखाली नेईपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. आवाज ऐकून लगेच ओढलं तर फ्रॉग उडून आपल्याच अंगावर येतो. "लगेच ओढ" म्हणणारा जिगवाला असतो. जिग (वजनदार डोक्याचा हुक) कडक असतो, माशाला त्यात खोटेपणा लवकर कळतो, आणि तो जसा आत ओढतो तसाच थुंकून टाकतो. तिथे थांबणं म्हणजे मासा घालवणं. ड्रॅग सैल ठेवायला सांगणाऱ्याच्या लाइनला क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष) लावलेला असतो आणि त्याचे ट्रेबल (तीन टोकांचे) हुक बारीक तारेचे असतात. घट्ट कर म्हणणारा ५०-६५ पौंडी ब्रेडने (विणलेल्या लाइनने) दाट वेलींमधून मासा उपसून काढत असतो. तिथे माशाला हातभर लाइन दिली तरी तो झुडपात शिरून बसतो.

म्हणून मदत मागताना एवढं आधीच सांगून टाका: आमिष कोणतं, हुक कोणता आणि किती नंबरचा, लाइन कसली आणि किती पौंडी, रॉड किती कडक, आमिष टाकलं ते अंतर साधारण किती, पाणी थंड होतं की कोमट, गढूळ की स्वच्छ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मासा कोणत्या क्षणी सुटला. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण "मधेच" असं मोघम उत्तर देतात. पण अर्धं निदान त्याच उत्तरात असतं.

ठोका जाणवतो, हुक बसतच नाही

आधी खात्री करा की तो बास आहे. टक-टक-टक असे बारीक, भराभर ठोके आणि वर आल्यावर वर्मचं शेपूट कुरतडलेलं, हे बहुतेक वेळा ब्लूगिलसारख्या छोट्या माशांचं काम. लार्जमाऊथ (मोठ्या तोंडाच्या) बासची रीत वेगळी. तो तोंड मोठं उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत खेचून घेतो. हाताला एकच 'टक्' जाणवतं, किंवा तेही नाही, नुसती लाइन बाजूला सरकायला लागते. लाइन ताणून धरली असेल तर आमिष त्या ओढीबरोबर आत जात नाही. सॉफ्ट प्लास्टिकने गरवताना लाइन किंचित सैल का ठेवायची, त्याचं कारण हे आहे.

वसंतात पाणी १५-१६ अंश सेल्सिअसच्या वर जायला लागलं की नर बास उथळ पाण्यात घरटं करून त्याची राखण करतो. तेव्हा तो आमिष खात नाही, शेपटीला धरून घरट्याबाहेर टाकतो. तिथे हुक बसला नाही तर त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. त्या नराला ओढून काढलं तर त्याची अंडी ब्लूगिल खाऊन टाकतात, म्हणून मी तिथून बोट पुढे काढतो.

स्पिनरबेटवर (फिरत्या पात्याच्या आमिषावर) मासा येऊन नुसता धक्का देऊन जात असेल तर मागे एक जोडहुक लावून बघा. हा उपाय इतक्यांनी इतक्यांदा सांगितला आहे की त्यावर जास्त लिहीत नाही.

एक-दोन सेकंद वजन लागलं आणि गेला

मला विचारायला येणाऱ्यांपैकी सर्वाधिक लोक याच ठिकाणी अडकलेले असतात. मासा हुकवर नव्हताच, त्याने आमिष तोंडात धरून ठेवलं होतं आणि तोंड उघडल्यावर ते बाहेर पडलं. म्हणजे हुक रुतलाच नाही. का रुतला नाही, याची चार कारणं मी या क्रमाने तपासतो.

हुकचं टोक पहिल्यांदा. अंगठ्याच्या नखावर ते हलकेच टेकवून सरकवा. नखात अडकलं तर ठीक, घसरलं तर बोथट. नवा कोरा हुकही कधी कधी घसरतो. दगडांतून तासभर गरवल्यावर तर टोक जातंच. हा तपास दिवसातून एकदा नाही, प्रत्येक अडकण्यानंतर करायचा.

दुसरं, हुकच्या पोटातली जागा. टेक्सास रिगमध्ये टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं असतं. झटका दिल्यावर प्लास्टिक खाली घसरून हुकच्या वाकात गोळा होतं आणि त्यानंतर टोक उघडं पडायला हवं. जाडजूड क्रिएचर बेट (पाय-शेपट्या असलेलं प्लास्टिक आमिष) ३/० च्या अरुंद हुकवर लावलं तर ते सगळी जागा अडवून बसतं आणि टोकाला माशापर्यंत पोहोचताच येत नाही. त्याच आमिषाला ४/० किंवा ५/० चा, म्हणजे मोठा, रुंद पोटाचा हुक लावला की कोडं सुटतं. घरी आमिष हातात धरून चिमटीने दाबून बघा, टोक सहज बाहेर येतं का ते लगेच कळेल.

तिसरं म्हणजे रॉड आणि हुकची जोडी. जाड तारेच्या हुकला रुतायला जोर लागतो. मऊ रॉड तो जोर स्वतःच्या वाकण्यात जिरवून टाकतो. जिगसाठी आणि टेक्सास रिगसाठी कडक, फक्त टोकाकडे वाकणारा रॉड का घेतात, ते इथे लक्षात येतं.

चौथं, लाइनचा ताण. नायलॉनची मोनो लाइन चांगलीच ताणली जाते, पाणी प्यायली की आणखी. फ्लोरोकार्बन ताणत नाही असा एक समज आहे, तो खरा नाही. तीही ताणते. फक्त ती बुडते आणि पाण्यात कमी दिसते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. लांब टाकलेल्या मोनोवर झटक्याचा केवढा भाग वाटेतच विरतो, हे सांगून पटत नाही. त्यासाठी एक चाचणी आहे. ती दोघांनी मिळून करायची.

मोकळ्या मैदानात जा. लाइनला हुक किंवा आमिष काही लावू नका, टोकाला मासे तोलायचा स्प्रिंगकाटा बांधा. सोबत्याने काटा धरून ३० मीटरवर उभं राहायचं, तुम्ही पाण्यात देता तसाच झटका द्यायचा आणि त्याने आकडा मोठ्याने वाचायचा. मग १० मीटरवरून तेच. मग मोनो काढून ब्रेड भरून तेच. मग जागा बदला: आता तो झटका देईल, तुम्ही काटा धराल. लांबच्या अंतरावर मोनोचा आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो. अंगातली सगळी ताकद लावलेली असते आणि काटा अपेक्षेपेक्षा फारच कमी सरकलेला असतो. हा प्रयोग एकदा केलेला माणूस पुन्हा लांब टाकून जाड हुक वापरायच्या भानगडीत पडत नाही. एक तर तो जवळून टाकतो किंवा लाइन बदलतो.

काटा हातात आहे तोवर ड्रॅगही लावून घ्या. लाइन जेवढं वजन पेलते त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग सरकायला लागावा, हा नेहमीचा हिशेब. १५ पौंडी लाइनला ४ ते ५ पौंड. नुसत्या हाताने ओढून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्यांचा ड्रॅग मी काट्यावर तपासला आहे, कुणाचा दोन पौंडांवरच घसरत होता. तेवढ्यात हुक रुतणार कसा? दाट झाडीत ब्रेड वापरताना मात्र हा हिशेब बाजूला ठेवून ड्रॅग जवळपास बंदच करतात.

अर्ध्या वाटेवर, बहुधा उडी मारताना

इथे हुक रुतलेला असतो, पण बाहेर येतो. म्हणजे आधीच्या भागातले सगळे उपाय इथे उलटे पडू शकतात, आणि सल्ले इथेच सर्वांत जास्त एकमेकांत मिसळतात.

बासचे ओठ टणक असतात, पण जबड्याच्या बाजूचा पडदा पातळ असतो. ट्रेबल हुक पुष्कळदा त्या पडद्यात अडकतो. कडक रॉड, न ताणणारी ब्रेड आणि घट्ट ड्रॅग असं तिन्ही एकत्र आलं, की माशाच्या प्रत्येक झटक्यासरशी त्या पडद्यातलं भोक मोठं होत जातं. मग मासा उलटा फिरला की हुक आपोआप गळून पडतो. क्रँकबेटसाठी मध्यापर्यंत वाकणारा, थोडा आळशी रॉड घ्या. फायबरग्लासचे रॉड अजूनही याच कामासाठी लोकांच्या आवडीचे आहेत. लाइनही मोनो किंवा फ्लोरोकार्बन ठेवा. जिगच्या वेळी ज्या ताणाला आपण नावं ठेवली, तोच ताण इथे मासा राखतो.

उडीचं असं की लाइन वर वर जायला लागली की मासा वर येतोय हे आधीच कळतं. त्याच वेळी रॉडचं टोक पाण्याकडे न्या, हवं तर पाण्यात बुडवा, आणि बाजूला ओढत रीळ चालू ठेवा. रॉड उंच धरून उभं राहिलं तर माशाला उडी मारायला आपणच मदत करतो. हवेत तो डोकं झटकतो आणि जड आमिष, विशेषतः ओठ (पुढचं पातं) नसलेला, खुळखुळणारा क्रँकबेट, गोफणीसारखं फिरून हुक सोडवतं. स्मॉलमाऊथ (लहान तोंडाचा बास) या बाबतीत लार्जमाऊथहून कितीतरी जास्त उसळतो, हे लक्षात ठेवा.

अगदी बोटीपाशी

लाइन आखूड झालेली असते, ताण घ्यायला काही उरलेलं नसतं आणि बोट दिसताच मासा शेवटची डुबकी मारतो. त्याआधी ड्रॅग थोडा सैल करा किंवा अंगठ्याने लाइन द्यायची तयारी ठेवा. जाळं धरणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची: माशाच्या मागे जाळं फिरवू नकोस. जाळं आधीच पाण्यात बुडवून धर, मी डोकं आत आणतो. शेपटीकडून जाळं लावलं तर मासा पुढे उसळतो आणि बाहेर लोंबणारा ट्रेबल जाळ्यात अडकून हुक सुटतो. गरवणारा आणि जाळेवाला दोघंही गप्प राहिले की हेच घडतं, म्हणून हे आधी बोलून ठेवा.

लाइनच तुटत असेल तर हा विषय वेगळा, पण तुटलेलं टोक बघितल्याशिवाय फेकू नका. टोक वळ्या पडून कुरळं झालं असेल तर गाठ सरकली. खरबरीत असेल तर दगडावर किंवा शिंपल्यावर घासली. गाठ आवळण्याआधी ती ओली करायची, आणि ब्रेडला पालोमर गाठ मारायची. साधी क्लिंच ब्रेडवर सरकते.

एका वेळी एकच बदल

पाच जणांचे पाच सल्ले ऐकून आपण हुक, लाइन, ड्रॅग सगळं एकदम बदलतो. मासे सुटायचे थांबले तरी कशाने थांबले ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात दुखणं परत येतं. सगळं बदलायची घाई मीही केली होती. आता खिशात छोटी वही असते. आमिष, हुक, अंतर, सुटला तो क्षण, एवढे चार शब्द प्रत्येक माशाला. एक बदल केला की पुढचे दहा ठोके त्याच बदलावर. वहीची दोन पानं भरली की सोबत्यापुढे ठेवायची. आपल्याला न दिसलेलं त्याला दिसतं.

बघणारा कुणी तयार नसेल तर एक युक्ती आहे, ती एका जुन्या विक्रमाच्या हकीकतीतली. २ जून १९३२ ला जॉर्ज पेरीने अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाऊथ पकडला, तो जागतिक विक्रम ठरला. त्या विक्रमाला कुणी स्पर्श करायला २००९ उजाडावं लागलं. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. पेरीच्या त्या दिवसाची अशी हकीकत सांगतात, की तो आणि त्याचा मित्र यांच्यात मिळून एकच रॉड होता आणि ते आळीपाळीने आमिष टाकत होते. मी हे सोबत्याबरोबर करून पाहिलं. तासभर एकच रॉड, मासा लागला किंवा सुटला की रॉड दुसऱ्याकडे. ज्याच्या हातात रॉड नाही त्याला बघण्यावाचून काम उरत नाही. एरवी तीन फेऱ्यांत न दिसणाऱ्या खोडी त्या एका तासात समोर येतात.

माझ्या सोबत्याची खोडही अशाच एका तासात सापडली. बास लागला की खात्रीसाठी तो दुसरा झटका देई, आणि त्या झटक्यासाठी जोर घ्यायला रॉड पुढे नेताना लाइन क्षणभर सैल पडे. पाचातले दोन मासे त्या सैल क्षणात गेले, मी मोजले. मी त्याला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, आणि पुढच्या ठोक्याला एकच झटका देऊन रीळ फिरवत राहिला. मासा जाळ्यात आला तेव्हा हुक वरच्या ओठात, उलट्या काट्याच्या आतपर्यंत रुतलेला होता. पक्कड लावूनच काढावा लागला.